बदलीचा फेरा

मुंबईच्या कापड गिरणीत कापूस सहसा वाया जात नसे. ब्लो रूममध्ये गासडी फुटली की रुई साफ होऊन कार्डिंग खात्यात जाई, तिथून पेळूच्या रूपाने पुढे सरके, आणि वाटेत प्रत्येक यंत्राखाली काहीतरी गळून पडे. तुटलेला पेळू, पीळ न बसलेले सूत हे उचलून पुन्हा मिसळणीत टाकले जाई. पीळ बसलेल्या सुताचे तुकडे यंत्रे पुसायला जात; गॅरेजमधला मेकॅनिक हात पुसतो त्या गुंतवळाला आजही 'कॉटन वेस्ट' असेच म्हणतात. आखूड तंतूंचे जाडेभरडे सूत निघे, त्याची ब्लँकेटे होत. या सगळ्यामागे पर्यावरणाची कळकळ नव्हती. कापूस हा गिरणीचा सर्वांत मोठा खर्च होता, आणि ज्याचे पैसे मोजले त्याचा हिशेब ठेवायचा, एवढाच तो व्यापारी शिरस्ता होता.

हा कापूस ज्यांच्या हातांतून जाई त्या माणसांचाही एक फेरा होता. कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावातून तरुण मुंबईत येई, नातलगाच्या ओळखीने गिरणीच्या दारात उभा राही, काम शिके, बदलीवर लागे, शिमग्याला गावी जाई, परत येई, कधीतरी कायम होई, झिजे, आजारी पडे आणि गावी जाई तो जाईच. त्याच्या जागी मुलगा किंवा पुतण्या येई. मनुष्यबळ व्यवस्थापनात चक्रीय अर्थव्यवस्थेची तत्त्वे आणावीत, अशी भाषा अलीकडे कानावर पडते. माणसाचे कौशल्य एकदा वापरून टाकून देऊ नये, ते फिरते ठेवावे, झिजले तर दुरुस्त करावे, जुने झाले तर नव्या कामासाठी घडवावे, जाणाऱ्याचे शहाणपण येणाऱ्याच्या हाती पडावे, असा तिचा आशय. गिरणगावाच्या सव्वाशे वर्षांकडे पाहिले तर यातले बरेचसे तिथे घडत होते असे दिसते. आणि तरीही १९८२ च्या संपानंतर लाखभराहून अधिक माणसांचे कौशल्य उकिरड्यावर गेले. असे का झाले? माझे उत्तर असे, की फेरा असणे पुरेसे नसते. तो पुरा करण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो यावर सारे ठरते. कापसाचा फेरा गिरणीच्या वहीत होता. माणसांचा फेरा तिच्या फाटकाबाहेर होता, आणि त्याची किंमत गिरणीने क्वचितच मोजली.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हटले की आता प्लास्टिक, भंगार आणि बॅटऱ्या डोळ्यांपुढे येतात, पण या विचाराच्या मुळाशी कामगार होता हे विसरले गेले आहे. स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल आणि त्यांच्या सहकारी जेनेव्हिएव्ह रेडे यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगाला एक अहवाल दिला. त्याचा विषयच मुळी ऊर्जेच्या जागी मनुष्यबळ कितपत वापरता येईल, हा होता. नवी वस्तू घडवायला ऊर्जा आणि कच्चा माल लागतो, जुनी दुरुस्त करायला माणसाचे हात लागतात. तेव्हा वस्तूंचे आयुष्य वाढवा, म्हणजे इंधन वाचेल आणि काम वाढेल, असा त्यांचा युक्तिवाद. याच विचाराला पुढे दुसरा धागा जोडला गेला तो जबाबदारीचा. जो वस्तू बाजारात आणतो त्याने तिच्या शेवटाचाही भार उचलावा. भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या २०११ च्या नियमांनी हे तत्त्व उत्पादकांना कायद्याने लागू केले. टाकून दिलेल्या टीव्हीचे काय होणार याची चिंता उत्पादकाने करायची, हे आता आपल्याला वावगे वाटत नाही. तीच कसोटी गिरणीच्या माणसांना लावून पाहू.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रे इंग्लंडहून आली, ती चालवून दाखवणारे मास्तरही लँकेशायरहून आले. यंत्रांवर उभे राहणारे हजारो हात मात्र इथूनच यायचे होते आणि त्यांना शिकवायची सोय कुठेच नव्हती. ती पोकळी जॉबरने, म्हणजे मुकादमाने भरली. माणूस आणणे, त्याला कामावर लावणे, शिकवणे, धाकात ठेवणे, रजा देणे आणि काढून टाकणे ही सगळी कामे त्याच्याकडे होती. आजच्या कंपनीत यासाठी भरती, प्रशिक्षण, शिस्त अशी निरनिराळी दालने असतात. गिरणीत ती एका माणसाच्या डोक्यात होती. नवा मुलगा भावाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून तुटलेला धागा जोडायला शिके. बॉबिन भरली की उतरवायची, रिकामी चढवायची, हे डोफरचे काम पहिले. हात बसला की पुढचे. या काळाला 'उमेदवारी' म्हणत. आज उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभा राहणारा किंवा मुलाखतीला बसणारा. जुन्या मराठीत उमेदवार म्हणजे नोकरीच्या आशेवर बिनपगारी काम करणारा. शिकण्याची किंमत शिकणाऱ्याने द्यायची, ही गोष्ट त्या एका शब्दात मुरलेली आहे. वर मुकादमाची दस्तुरी वेगळी. शिकवणाऱ्या गाववाल्यालाही गिरणी काही देत नसे. तो आपले साचे, म्हणजे माग, किंवा कताईयंत्राची आपली बाजू सांभाळत फावल्या क्षणी शिकवी.

बरे, ही शिकवण कच्ची होती असेही नाही. कौशल्य एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची ती अत्यंत परिणामकारक रीत होती. गिरण्या वाढत गेल्या, १९२० च्या दशकात त्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी शाळेत किंवा वर्गात बसून काहीही शिकलेले नव्हते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, १८८७ मध्ये निघाली आणि तिथे कापडतंत्राचे उत्तम शिक्षण मिळू लागले. पण त्यातून खात्याचे मास्तर आणि अधिकारी तयार होत. मालकांनी ज्याच्या शिक्षणासाठी देणग्या दिल्या तो वरचा थर होता. खालचा थर स्वतःला घडवून घेत होता, आणि हे घडणे इतके सहज व इतके फुकट होते की ते कुणाच्या नजरेत भरले नाही.

मग बदली. ठरलेला कामगार खाडा करील त्या दिवशी त्याच्या जागी लागणारा तो बदलीवाला. पहाटे भोंगा झाला की बदलीवाले फाटकाशी जमत, मुकादम त्यांतले काही आत घेई, बाकीचे परत जात. जे आत जात त्यांना त्या दिवसाची मजुरी, जे परत जात त्यांना काही नाही. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही मोठी सोयीची रचना होती: यंत्र एक दिवसही रिकामे राहत नसे आणि तयार हातांचा साठा मात्र बिनखर्ची राही. एकच बदलीवाला आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर काम करी, त्यामुळे त्याचा हात अनेक कामांवर बसे. आजच्या परिभाषेत याला बहुकौशल्य म्हणतील आणि त्याचे प्रमाणपत्र देतील. पुढे १९३५ मध्ये मालकसंघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. मुकादमाची मनमानी तोडणे हा त्यामागचा एक हेतू होता आणि तेवढ्यापुरती ती सुधारणा होती. पण हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसाचे काय, याचे उत्तर त्या कार्डानेही दिले नाही. साठा आता नोंदलेला झाला, भरपाईचा झाला नाही.

त्या कोऱ्या दिवसांची भरपाई गावाने केली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर सहा माणसांतली सुमारे पाच शहराबाहेर जन्मलेली होती आणि बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. कोकणात खोतीचा जाच, जमिनीचे तुकडे आणि भातापुरता पाऊस. पुरुष गिरणीत आणि बायका-मुले गावी, हे घराघरातले चित्र. मनीऑर्डर गावाकडे जाई हे खरे. पण मजुरी एका पुरुषाच्या पोटाच्या हिशेबाने ठरलेली होती. त्याला वाढवले गावाने, त्याची मुले वाढवली गावाने, बेकारीत सांभाळले गावाने, आणि छातीत कापसाची धूळ बसून खोकला लागला की त्याला परत घेतलेही गावानेच. शहरातल्या उरलेल्या गरजा खाणावळवाल्या बायकांनी भागवल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांना दोन वेळचे जेवण त्या घालत, तेही पगार होईपर्यंत उधारीवर. ही उधारी म्हणजे गिरणीला मिळालेले बिनव्याजी कर्जच होते, फक्त कर्ज देणारीला ते ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्याने कधी मान्य केले नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या कामाला काम म्हणून नाव मिळाले.

यावर एक आक्षेप जुना आहे आणि तो वजनदारही आहे. गावाशी नाते कामगारालाच हवे होते. शिमगा, गणपती, पेरणी, लग्नसराई यांसाठी त्याला महिना-दोन महिने जायचे असे. बदलीची पद्धत नसती तर त्याची नोकरीच गेली असती. तेव्हा ही व्यवस्था त्याच्यावर लादलेली कशी म्हणावी? व्हिटली कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात जवळपास हेच म्हटले होते: गावाशी असलेला दुवा ही जमेची बाजू आहे, तो तोडू नये, त्याला शिस्त लावावी. मला हे मत चुकीचे वाटत नाही. प्लेगचे उदाहरण तर कामगाराच्या बाजूचेच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला साथ उघडकीस आली आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. गावी परत जाण्याची सोय होती म्हणून हजारो जीव वाचले. आणि मागे राहिलेल्या हातांसाठी गिरण्यांमध्ये अशी ओढाताण झाली की रोजच्या रोज रोख मजुरी देण्याची पाळी आली. थोडक्यात, गाव हा कामगाराचा आधारही होता आणि हत्यारही. संप लांबला की माणसे गावी जात आणि तिथून तग धरत. १९२८ चा संप सहा महिने चालला तो काही पक्षनिधीच्या जोरावर नव्हे. पण सोय कामगाराला हवी होती म्हणून तिचा खर्चही त्यानेच करावा, हे त्यातून निघत नाही. सुटी यंत्रालाही लागते. तेल घालायला, साफ करायला यंत्र थांबवावे लागते आणि तो वेळ मालक आपल्या खर्चात धरतो. माणसाची विश्रांती तशी धरली गेली नाही. उलट सुटीच्या दिवशी यंत्रे साफ करायला त्यालाच बोलावले जाई. आठवड्याची एक सुटी मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा आणि अर्ज करावे लागले आणि ती १८९० मध्ये मिळाली. देखभालीचा खर्च कुणाचा, हा वाद असा जुना आहे.

चक्राची दुसरी कसोटी अशी की त्यात फिरणारी गोष्ट अडू नये. गिरणीत ती अडली, आणि जिथे अडली तिथे मालक नव्हता. विणाईखात्यात मजुरी चांगली, पण धोट्यात नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागणार म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना सवर्ण विणकर त्या खात्यात येऊ देत नसत. तेव्हा ही माणसे रिंगखात्यातल्या, म्हणजे कताईच्या, कमी मजुरीच्या कामात अडकून पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घातला नाहीत तर आमच्या लोकांना संपातून बाहेर राहायला सांगेन, असा त्यांचा इशारा होता. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घातली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. उत्तर कावेबाज होते, पण खोटे नव्हते. ज्या रीतीने कौशल्य फुकट आणि झरझर पसरत होते तीच रीत, गाववाल्याने गाववाल्याला आणि जातवाल्याने जातवाल्याला शिकवण्याची, दार लावूनही घेत होती. प्रशिक्षण नात्यागोत्यावर सोडले की ते नात्यागोत्याबाहेर जात नाही. आज 'ओळखीतून भरती' करणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कंपन्यांनी हा धोटा आठवायला हरकत नाही. बायकांचे असेच झाले, फक्त उलट दिशेने: १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि नवी यंत्रे यांमुळे त्यांची संख्या घटत गेली, आणि त्यांना दुसरे काम शिकवावे असे मालकाला वाटले नाही, संघटनेलाही फारसे वाटले नाही.

दरम्यान याच शहरात मनुष्यबळ विकास नावाची गोष्ट जन्माला येत होती. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या आयआयएममधल्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग उभा केला. भारतातला तो पहिला मानला जातो. माणूस म्हणजे वाढवता येणारी संपत्ती, तिची जोपासना करावी, हा त्यामागचा विचार उदार होता. तो सुरुवातीला अधिकाऱ्यांसाठी होता. परळ-लालबागमध्ये त्याच वर्षी बदलीवाले फाटकाशी उभे राहतच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही पुढे होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या कार्डाची ती थकबाकी होती.

संपानंतर काय काय फिरते राहिले ते पाहण्यासारखे आहे. साचे फिरते राहिले. गिरण्यांचे जुने साचे विकत घेऊन यंत्रमाग चालवण्याची वहिवाट महाराष्ट्रात जुनी होती. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला आणि पुढे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही गावे यंत्रमागांवर उभी राहिली. मुंबईत भंगारात निघालेला साचा भिवंडीच्या शेडमध्ये पुढची वीस वर्षे खडखडत राही. स्टाहेलना दाखवावे असे हे उदाहरण. संपाच्या काळात काम भिवंडीकडे वळले आणि त्यामागून काही कामगारही गेले, म्हणजे कौशल्यही फिरले. फिरले नाही ते एवढेच: भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, आठ तासांची पाळी. पुढे जमीनही फिरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाट्याचा हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. चिमणी राखून भोवती मॉल उभा करायचा, याला शहररचनेच्या भाषेत पुनर्वापर म्हणतात. कापूस, साचा, जमीन, चिमणी, सगळ्यांना दुसरे आयुष्य मिळाले.

माणसांना ते मिळावे अशी सोय कागदावर होती, हे मात्र नोंदवले पाहिजे, कारण 'कुणाला सुचलेच नाही' हा बचाव त्यामुळे टिकत नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. उतरती भाजणी अशी की तीन वर्षांत माणसाने दुसरे काम शिकून उभे राहावे. पण गिरणी रीतसर आणि कायमची बंद झालेली असली पाहिजे, ही अट; आणि शिकवणार कोण, याचे उत्तर नाही. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्याच्या नावातच नूतनीकरण होते आणि हेतूंत पुनर्प्रशिक्षण होते. प्रत्यक्षात पैसा मुख्यतः सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला आणि २००० मध्ये निधीच गुंडाळला गेला. सगळ्यांत बोलकी तरतूद ५८ व्या नियमातच आहे. गिरणीच्या जागी नवा उद्योग किंवा कार्यालय उभे राहील तिथे जुन्या कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला प्राधान्याने नोकरी द्यावी, आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षण भरती सुरू होण्याआधी मालकाने पुरे करावे, असे तो नियम सांगतो. म्हणजे ज्याने माणूस वापरला त्यानेच त्याला पुढच्या कामासाठी घडवायचे. चक्रीय अर्थव्यवस्थेचे तत्त्व याहून नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही, आणि ते जमिनीच्या नियमात शिरले होते. पण नोकरी कुणाला, तर त्या कामाला लागणारी पात्रता ज्याच्याकडे आहे त्याला. या एका पळवाटेतून सगळे प्रशिक्षण निसटून जाऊ शकत होते. जमिनीच्या वाट्यांचे काटेकोर मोजमाप झाले. शिकवलेल्या माणसांचे तसे मोजमाप व्हावे यासाठी न्यायालयात जाणारे कमी होते.

इथे दुसरा आक्षेप येतो, तो तंत्राचा. साध्या साच्यावर तीस वर्षे काढलेला विणकर धोटाविरहित मागावरही लगेच चालत नाही, मग तो मॉलमध्ये किंवा बँकेत काय करणार? काही कौशल्ये मरतातच. त्यांना कृत्रिम श्वास देण्यात अर्थ नाही. हे अंशतः खरे आहे. पण याच उद्योगाचा इतिहास त्याला पुरता साथ देत नाही. भातशेतीतून आलेल्या अक्षरशत्रू माणसांनी काही महिन्यांत वाफेच्या यंत्रावर हात बसवला, हा काही छोटा पालट नव्हता. बदलीवाल्याने दहा खात्यांत काम केले. खाणावळवाल्या बाईने मुलांच्या शिक्षणापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत सगळे हिशेब पेलले. गिरणगावातल्या माणसांची शिकण्याची ताकद कमी नव्हती. शिकण्याच्या काळात घर कसे चालणार याची तजवीज नव्हती. १८६० मध्ये ती गावाने केली. १९९० मध्ये गावाकडे परत जाणारी पिढी उरलेली नव्हती, मुले चाळीत जन्मली होती, आणि फाटकाबाहेरचा तो जुना, फुकटचा आधार आटला होता. फेरा तिथे थांबला.

तिसरा आक्षेप शब्दांवर आहे आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. माणूस म्हणजे कापूस नव्हे. त्याला 'संसाधन' म्हणणे आणि 'पुनर्वापर' करणे ही भाषाच ओंगळ आहे. आहे खरी. माणसाला स्वतःची इच्छा असते, तो फेऱ्यात फिरायला नकारही देऊ शकतो, आणि ज्या व्यवस्थेत नकाराला जागा नाही तिला चक्र म्हटले काय किंवा घाणा म्हटले काय, सारखेच. पण या भाषेतून उचलण्याजोगी एकच गोष्ट आहे आणि ती उसनी घेतलीच पाहिजे: जबाबदारीचा हिशेब. टाकलेल्या बॅटरीचा धनी कोण हे ज्या कायद्याला ठरवता येते, त्याला टाकलेल्या विणकराच्या पुढच्या शिक्षणाचा धनी ठरवता येऊ नये, याला कारण नाही. तेव्हा एखादी कंपनी आपण कौशल्ये फिरती ठेवतो असे सांगते तेव्हा तिने किती अभ्यासक्रम चालवले हे विचारून फारसे कळत नाही. शिकण्याच्या दिवसांचा पगार कुणी दिला, शिकवणाऱ्याच्या वेळाचे पैसे कुणी दिले, आणि काम संपल्यावर माणूस कुणाच्या दारात गेला, हे विचारावे. गिरणीला या तीन प्रश्नांची उत्तरे विचारली असती तर ती अनुक्रमे उमेदवार, गाववाला आणि गाव अशी आली असती.

उमेदवार हा शब्द आता निवडणुकीचा झाला, रीत मात्र मागे राहिली आहे. फरक एवढाच की खर्च आता सरकार उचलते. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. तीत बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन राज्याच्या तिजोरीतून मिळते. काम मात्र तो एखाद्या आस्थापनेत करतो. मुदत सहा महिन्यांची होती. ती संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थींनी कायम करा अशी मागणी केली. २०२५ मध्ये मुदत अकरा महिन्यांची झाली.